मालक झालेले मजूर

बांधकामाचा व्यवसाय म्हटला की ठेकेदार, त्याचा मुकादम आणि त्याच्या हाताखालचे मजूर अशी एक उतरंड डोळ्यांसमोर उभी राहते. काम मिळवावयाचे ठेकेदाराने, भांडवल घालावयाचे त्यानेच आणि नफाही त्यानेच घ्यावयाचा. मजुराचा संबंध त्या दिवसाच्या रोजापुरता. ही रीत उलटी करून दाखविणारी एक संस्था केरळात शंभर वर्षे उभी आहे. उरालुंगल मजूर कंत्राट सहकारी संस्था हे तिचे नाव. तिचा व्यवहार कोणा एका चतुर उद्योजकाने आखला नाही. तिच्याशी ज्यांचे हित वा वैर निगडित होते, त्या सर्वांनी मिळून तो घडविला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलबार हा मद्रास इलाख्याचा एक जिल्हा होता. तेथील वडकऱ्याजवळच्या कारक्काड गावी वाग्भटानंद या सुधारकाने १९१७ साली आत्मविद्या संघ स्थापन केला. जातिभेद व अंधश्रद्धा यांविरुद्धची त्यांची शिकवण गरीब शेतमजुरांच्या मनाला भिडली. पण जमीनदारांना ती मानवली नाही. संघाच्या अनुयायांना काम मिळेना, त्यांच्या मुलांना शाळेची दारे बंद झाली. तेव्हा त्यांनी आपली शाळा काढली, आपली पतसंस्था उभारली आणि १९२५ साली मजुरांची सहकारी संस्था नोंदविली. सभासद १४ आणि भांडवल आजच्या नाण्यांत अवघे ३७ पैसे! बहिष्कार घालणाऱ्यांनी, मनात नसताना, या संस्थेची पहिली वीट रचली.

प्रारंभीची कामे रस्तेदुरुस्तीसारखी किरकोळ होती आणि काम देणारे सरकारी खाते होते. अशा कामात सामान्य ठेकेदाराचा नफा पुष्कळदा खडी आणि सिमेंट यांतील काटकसरीतून निघतो. येथे मात्र हातात फावडे घेणाराच मालक. आजचे काम कच्चे निघाले तर उद्याचे मिळणार नाही आणि घरची चूल विझेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. संचालकही मजुरांतूनच निवडले जात आणि कामाच्या जागी राबत. चोख काम हेच अशा रीतीने संस्थेचे खरे भांडवल ठरले.

यंत्रांच्या बाबतीतही हेच दिसते. यंत्र आले की मजूर धास्तावतो, कारण ते त्याचा रोज हिरावून घेते. उरालुंगलमध्ये यंत्र घेण्याचा निर्णय मजुरांच्याच हाती होता. त्यामुळे यंत्राने सभासदाची नोकरी घेतली नाही, त्याच्या पाठीवरचा भार तेवढा घेतला; आणि संस्था किरकोळ कामांवरून पूल व मोठ्या इमारती यांकडे वळू शकली.

सरकारी देयके उशिरा मिळतात, हा बांधकाम व्यवसायाचा जुना रोग. त्यावर लोकांकडून ठेवी स्वीकारण्याचा उपाय संस्थेने योजला. ठेवीदार हा तिचा नवा हितसंबंधी झाला. केरळ शासनाने १९९६ नंतर विकेंद्रित नियोजन हाती घेतले, तेव्हा स्थानिक कामे वाढली आणि मजूर सहकारी संस्थांना मिळणाऱ्या प्राधान्याचा लाभ तिला झाला. या प्राधान्याला खाजगी ठेकेदारांनी आक्षेपही घेतले. त्यांना उत्तर कामानेच देणे भाग होते. कोचीच्या पलारिवट्टम येथील नवा उड्डाणपूल तीन वर्षांच्या आतच तडे गेल्याने २०१९ साली बंद करावा लागला होता. दिल्ली मेट्रो महामंडळाच्या देखरेखीखाली त्याच्या पुनर्बांधणीचे काम उरालुंगलने केले आणि मार्च २०२१ मध्ये पूल वाहतुकीस खुला झाला.

सर्वांत अनपेक्षित आग्रह आला तो घरातूनच. सभासदांची मुले शिकली. ती पहार हाती घेण्यास तयार नव्हती. बापांनी त्यांना दोष दिला नाही, त्यांच्याजोगे काम निर्माण केले. २०१६ साली कोझिकोड येथे संस्थेचे संगणक-उद्यान सुरू झाले. खडी फोडणाऱ्यांच्या संस्थेने संगणकाच्या व्यवसायात पाऊल टाकले, त्यामागे बाजारपेठेच्या हिशेबाबरोबरच पुढच्या पिढीची चिंताही होती.

आता मात्र संस्थेपुढे एक अवघड प्रश्न उभा आहे. तिच्या कामांवर परप्रांतांतून आलेले अनेक मजूर राबतात आणि ते सारेच काही सभासद नाहीत. त्यांना मजुरी मिळते, मत मिळत नाही. सर्वांना सामावून घ्यावे, तर आज आहेत उद्या नाहीत अशांच्या हाती कारभार द्यावा लागतो; न घ्यावे, तर मालक आणि मजूर ही जुनीच उतरंड मागल्या दाराने परत येते. महाराष्ट्रातही मजूर सहकारी संस्था आणि जंगल कामगार संस्था निघाल्या. मजुराच्या नावाखाली दुसराच कोणी ठेकेदार होऊन बसू नये, ही चिंता त्यांनाही चुकलेली नाही.

१९२५ साली दाराबाहेर उभ्या असलेल्या १४ जणांनी ही संस्था स्थापिली. आज तिच्या दाराबाहेर उभा असलेला मजूर आत कसा येईल, यावर तिच्या दुसऱ्या शतकाचे मोल ठरेल.