भाताच्या खाचरातला झेब्रा मासा

घरी काचेच्या पेटीत मासे पाळायची हौस असणाऱ्याला दुकानदार बहुधा आधी झेब्रा मासा देतो. तो स्वस्त असतो, काटक असतो आणि नवशिक्याच्या चुका सोसतो. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, अंगावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेले निळे पट्टे. हा परदेशी मासा असावा, असा अनेकांचा समज असतो. खरे तर तो आपलाच आहे.

१८०७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरवर बंगाल इलाख्याच्या पाहणीचे काम सोपवले. बंगाल-बिहारचे जिल्हे पालथे घालताना त्याने शेती, व्यापार, चालीरीती यांच्या नोंदी केल्या. त्याबरोबर नद्यांमधले मासेही गोळा केले आणि स्थानिक चित्रकारांकडून चित्रे काढून घेतली. १८१५ मध्ये तो मायदेशी निघाला, तेव्हा गव्हर्नर जनरलच्या हुकुमामुळे त्याला बरीच चित्रे कलकत्त्यातच ठेवावी लागली. पुढे त्याने हॅमिल्टन हे आईकडचे आडनाव घेतले. १८२२ मध्ये गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोसी नदीतल्या या चिमुकल्या माशाची शास्त्रीय नोंद त्यात पहिल्यांदा झाली. आज त्याचे नाव आहे ‘डॅनिओ रेरिओ’. ‘डॅनिओ’ हा शब्द बंगालीतल्या ‘धानी’, म्हणजे भातशेतातला, यावरून आला असे मानतात.

विसाव्या शतकात हा मासा युरोप-अमेरिकेतल्या घरांत पोहोचला. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर हे शास्त्रज्ञ आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी पाठीचा कणा असलेला, पण साधासुधा प्राणी शोधत होते. त्यांनी मासेविक्रीच्या दुकानातून झेब्रा मासे आणले. या माशाची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि गर्भ पारदर्शक असतो. एका दिवसात धडधडू लागलेले हृदय सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. १९८१ मध्ये त्यांनी या माशांच्या प्रतिकृती तयार केल्याचे जाहीर केले. १९८४ मध्ये ते निवर्तले, पण त्यांनी दाखवलेली वाट मोठी झाली. २००२ मध्ये दिसून आले की, या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तो पुन्हा भरून येतो. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्यात जोड सापडली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या माशावर काम झाले आहे.

आता गोष्टीचा महत्त्वाचा भाग. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या माशांची रानातल्या माशांशी तुलना केली. नर की मादी हे ठरवणारी मूळ आनुवंशिक व्यवस्था प्रयोगशाळेतल्या दोन प्रमुख वाणांतून नाहीशी झालेली आढळली. भारतातून नेलेल्या रानटी माशांत ती शाबूत होती. पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढताना मासा आपला वारसा गमावून बसला होता. तो पुन्हा सापडला, कारण आपल्याकडच्या पाण्यात मूळचे मासे अजून शिल्लक होते.

खाचर बुजवताना, ओढ्यात सांडपाणी सोडताना त्यात काय होते याचा हिशेब आपण ठेवत नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या डॉक्टरने तो ठेवला होता. त्याची वही पुढे चालवायची, तर आधी ते पाणी टिकले पाहिजे.