चार अक्षरे, चार वस्त्या

श्रोतेहो, वैद्यकातील संशोधनाची बातमी ऐकताना 'ॲरिक' हा शब्द कधी कधी कानांवर पडतो. हे औषधाचे नाव नव्हे, की कुणा डॉक्टराचे आडनाव नव्हे. ए, आर, आय, सी या चार इंग्रजी अक्षरांचा हा जोडशब्द. आज त्याची उकल करू या.

'ए' म्हणजे ॲथेरोस्क्लेरोसिस. १९०४ साली फेलिक्स मार्शां या जर्मन पंडिताने दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव बनवले. एकाचा अर्थ पेज, दुसऱ्याचा कठीण. रोगी धमनी कापून पाहिली तर आत पेजेसारखा मऊ लगदा दिसतो आणि भिंत मात्र ताठर झालेली असते. पाटात गाळ साचतो तसंच हे, असं आपण म्हणू. पण एक फरक ध्यानात ठेवा. हा गाळ पाटाच्या तळाशी नव्हे, भिंतीच्याच आत साचतो. म्हणून वर्षानुवर्षे तो कळतच नाही!

'आर' म्हणजे रिस्क, अर्थात धोका. 'आय' म्हणजे नुसते 'मध्ये'. आणि 'सी' म्हणजे कम्युनिटीज, लोकवस्त्या. वस्त्यांमधील धमनीरोगाचा धोका, असा सगळा अर्थ झाला. यातले शेवटचे अक्षर सर्वांत मोलाचे. ते का, पाहा.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तिने दाखवून दिला. पण ती माणसे जवळजवळ सारी गोरी होती. मग काळ्या माणसाचा धोका कशावरून ठरवायचा? दुसऱ्याच्या मापाने आपला सदरा शिवण्यातलाच हा प्रकार!

१९८७ मध्ये ॲरिक सुरू झाले. मेरीलँडचा वॉशिंग्टन परगणा, नॉर्थ कॅरोलायनाचा फोर्सिथ परगणा, मिनीॲपोलिसची उपनगरे आणि मिसिसिपीतील जॅक्सन शहर, या चार ठिकाणांहून ४५ ते ६४ वर्षांची १५,७९२ माणसे निवडली. जॅक्सनमधली सारी काळी होती. गोऱ्यांसाठी एक शाळा आणि काळ्यांसाठी दुसरी, अशा काळात ती लहानाची मोठी झालेली. आता त्यांचीही मोजदाद झाली. मानेतील धमनीची जाडी ध्वनिलहरींनी मोजली, दरवर्षी चौकशी ठेवली. भिंत जितकी जाड, तितका झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक, असे आढळले. मध्यम वयात ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांची बुद्धी पुढल्या वीस वर्षांत अधिक मंदावली, हेही २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा मंडळी, दुखत नाही म्हणून रक्तदाब तपासायचा राहू देऊ नका. आणि शिक्षक मित्रांनो, एखाद्या संशोधनाचा आकडा वर्गात सांगाल, तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारायला शिकवा: मोजलं कुणाला, आणि वगळलं कुणाला?