हनीज ते एअर फ्रायर : भाजलेल्या गोश्ताची दख्खनी गोष्ट

पारनेरसारख्या तालुक्याच्या गावातही आता एअर फ्रायर पोहोचला आहे. पुण्यात किंवा सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारी मुलं तो हप्त्यावर घेऊन येतात. आधी त्यात समोसे होतात, मग चिकन. आणि एखाद्या रविवारी मुलगा म्हणतो, "अम्मी, स्टेक करून बघू या." घरातल्या मोठ्यांना हे अंग्रेजांचं खाणं वाटतं. शब्द अंग्रेजांचा आहे खरा, पण पदार्थाची मुळं तितकी लांबची नाहीत.

'स्टेक' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ काठीला टोचून भाजलेलं मांस. आपल्या सीख कबाबातली 'सीख' फारसी आहे आणि तिचा अर्थ सळई. संस्कृतात अशाच मांसाला 'शूल्य' म्हणत, म्हणजे शूलावर भाजलेलं. तीन भाषांनी एकाच कृतीला एकाच तऱ्हेने नाव दिलं. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर तिसऱ्या या चालुक्य राजाने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात मसाला भरून सळईवर भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत. ही कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. दख्खनमध्ये सुलतानांची राजवट येण्याच्या दोनशे वर्षं आधीचा हा मजकूर आहे. 'मांस भाजणं मुसलमानांनी आणलं' असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

आपल्या दीनी परंपरेतही भाजलेल्या गोश्ताला मानाची जागा आहे. कुरआनच्या सूरह हूदमध्ये (आयत 69) हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम अनोळखी पाहुण्यांपुढे भाजलेलं वासरू ठेवतात. तिथे 'हनीज' हा शब्द आहे. तापलेल्या दगडांवर भाजलेलं, असा त्याचा अर्थ अनेक मुफस्सिरांनी सांगितला आहे. येमेनमध्ये आजही 'हनीज' नावाचा पदार्थ होतो. निजामाच्या फौजेतल्या येमेनी अरबांचे वंशज हैदराबादच्या बारकसमध्ये राहतात. त्याच हैदराबादचा 'पत्थर का गोश्त' मशहूर आहे : बिनहाडाचा चपटा तुकडा, मसाला आणि खाली निखाऱ्यावर तापलेली ग्रॅनाइटची फरशी. स्टेकच्या सर्वांत जवळचा आपला पदार्थ हाच.

मग स्टेक आपल्या घरात का रुळला नाही? 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे भिंगारला गोऱ्या फौजेची छावणी झाली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत 'बकर कसाब' आणि 'गाय कसाब' अशा खाटकांच्या दोन वेगळ्या नोंदी सापडतात. छावणीतल्या गोऱ्यांच्या ताटात स्टेक होताच. मुंबईकडच्या खाटकांच्या बोलीत पाठीच्या आतल्या मऊ भागाला आजही 'अंडरकट' म्हणतात. तरी तो आपल्या चुलीवर आला नाही, आणि याचं कारण मजहब नव्हे, जनावराचं वय आहे.

स्टेकला कोवळं, चरबी धरलेलं, खाण्यासाठीच पोसलेलं जनावर लागतं. शिवाय विलायतेत मांस थंड जागी कित्येक दिवस टांगून मऊ होऊ देतात. आपल्याकडे बैल नांगर ओढायचा, मोट ओढायचा, गाडीला जुंपायचा. पारनेर दुष्काळी तालुका. इथला शेतकरी बैल थकला, गुडघे गेले की मगच बाजार दाखवायचा. त्या पैशात थोडी भर घालून तो नवा गोऱ्हा आणायचा. खाटकाकडे येणारं गोश्त अशा आयुष्यभर राबलेल्या जनावराचं, आणि सकाळी कापलेलं दुपारपर्यंत चुलीवर चढणारं. ते चिवट असणारच. म्हणून आपल्या बायकांनी कीमा केला, पाये आणि निहारी रात्रभर मंद आचेवर ठेवली, पसंदे सुरीच्या पाठीने ठेचले, कच्ची पपई लावली. ही पपईसुद्धा पोर्तुगिजांमार्फत अमेरिकेतून आलेली. गरिबीतून आणि शेतीच्या गणितातून हे शास्त्र घडलं.

हे गोश्त फक्त मुसलमानांचंही नव्हतं. दलित वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या वाळवून 'चान्या' करत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मध्ये मराठवाड्यातली ही खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली आहे. बकऱ्याचं मटण न परवडणाऱ्या सगळ्यांचं हे प्रथिन होतं.

हे गणित कायद्याने बदललं. राज्याच्या 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती. 1995 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती 2015 मध्ये. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हशीवर बंदी आली नाही, पण तिच्यासाठी सरकारी दाखला लागतो. हॉटेलांच्या स्टेकमध्ये बीफच्या जागी म्हशीचं मांस आलं. कुर्बानीच्या सात हिश्श्यांसाठीही बैलाऐवजी रेडा. थकलेला बैल मात्र शेतकऱ्याच्या दारातच राहिला. वाटेत गाड्या अडवून होणाऱ्या मारहाणीला कंटाळून 2025 च्या पावसाळ्यात कुरैशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. तेव्हा बाजार ओस पडले आणि झळ शेतकऱ्यालाही बसली. खाटीक आणि शेतकरी एकाच दावणीला बांधलेले आहेत, हे तेव्हा उघड दिसलं.

आता मुलाच्या हट्टाकडे येऊ. 2010 साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर आणला. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली, असा तो छोटा भट्टीघर आहे. गरम हवा वेगाने फिरते, वरचा ओलावा उडतो आणि गोश्त तांबूस होतं. म्हणून तुकडा आधी कापडाने कोरडा टिपून घ्यावा. म्हशीच्या गोश्तात आत विरघळणारी चरबी कमी, त्यामुळे विलायती व्हिडिओ जसाच्या तसा उतरवला तर चामडं चावावं लागेल. अंडरकट घ्यावा, धाग्याला आडवा, बोटभर जाडीचा कापावा. पपई थोडीच आणि अर्धा तासच, नाहीतर लगदा होतो. मीठ, मिरी, आलं-लसूण, तेलाचा हात. यंत्र 200 अंशांवर आधी तापवून दहा-बारा मिनिटं, मधे एकदा उलटून. मग पाच मिनिटं झाकून ठेवावं. नाव स्टेक द्या, करताय पसंदाच.

कापल्यावर लालसर पाणी सुटलं तर अनेकजण बिचकतात. ते रक्त नसून स्नायूतल्या मायोग्लोबिनचा रंग असतो. कुरआनने हराम केलं आहे ते वाहतं रक्त (सूरह अनआम, आयत 145). जिबहनंतर गोश्तात उरलेला अंश फुकहांनी त्यात धरलेला नाही. तरी आपल्या हवेत आणि आपल्या दुकानांच्या सवयीत गोश्त आतपर्यंत शिजवलेलंच बरं.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. सिगडीवरच्या सीखेचा धूर साऱ्या मोहल्ल्याला दावत द्यायचा. एअर फ्रायरचा वास खिडकीबाहेर फारसा जात नाही. आज काही घरांना हीच त्या यंत्राची मोठी खूबी वाटते, आणि ही बाब साधी नाही. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. पण परराज्यातून आणलेलं बीफ जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. नागरिकाच्या घरात शिरून त्याने काय खावं हे सरकारला ठरवता येणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्यात न्या. चेलमेश्वर यांनी खाण्याचाही उल्लेख केला.

म्हणजे कायद्याने उंबरठ्याच्या आतला हक्क मान्य केला आहे. तो बजावण्यासाठी खिडकी लावून घ्यावी लागू नये, एवढंच मागणं उरतं. इब्राहीम अलैहिस्सलाम यांनी ते भाजलेलं गोश्त कोण, कुठले हे न विचारता अनोळखी पाहुण्यांपुढे ठेवलं होतं. आपल्या घरातला पहिला पसंदा जमला, तर एक ताट शेजारीही विचारून पाठवावं. त्यांना चालत नसेल तर चहाला बोलवावं.