अंधाऱ्या खोलीतले हात

आजचा विषय आहे कृष्णधवल छायाचित्रण. पण कॅमेऱ्याबद्दल मी थोडंच बोलणार आहे. मला बोलायचंय डार्करूमबद्दल, म्हणजे ही विद्या आपल्याकडे कुणाच्या हातांनी रुजली त्याबद्दल.

आधी काम काय असतं ते पाहू. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. शटर उघडलं की त्यांच्यावर उजेड पडतो, पण डोळ्यांना अजून काहीच दिसत नसतं. फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की उजेड लागलेल्या क्षारांची काळी चांदी होते. उरलेले क्षार हायपोमध्ये विरघळतात आणि निगेटिव्ह टिकाऊ होते. शेवटी ती पाण्यात धुवायची. 'रोल धुवायला टाकलाय' असं आपण म्हणायचो, ते काही उगाच नाही. प्रिंट काढताना हेच सगळं कागदावर, लाल दिव्याच्या उजेडात. द्रावण साधारण 20 अंश सेल्सिअसला हवं. आपल्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच त्याहून गरम असतं, आणि जिलेटिन फुगून मऊ पडतं. म्हणून बर्फही डार्करूमच्या सामानातलाच. हे नुसतं वाचून येत नाही, शेजारी उभं राहून कुणीतरी दाखवावं लागतं.

दाखवणारे इथे फार लवकर आले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

पण वर्गात सगळ्यांना जागा नव्हती. बाकीचे शिकले घरात.

1912 मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडताच यायची. अंधारात बसून तिला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. रसायनं कालवायला शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री हे काम. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. आजही आपल्या ओठांवर नाव येतं ते एकट्या दादासाहेबांचं.

त्याच 1913 साली नवसारीत होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. त्या कॅमेरा शिकल्या माणेकशा व्यारावालांकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. होमाईबाईंचे सुरुवातीचे बरेच फोटो छापून आले ते पतीच्या नावाने. फोटो बाईने काढलेत, हे तेव्हा संपादकांच्या गळी उतरणं कठीण होतं. पुढे त्या 'डालडा 13' या टोपणनावाने ओळखल्या गेल्या. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या, आणि स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली आज आपण पाहतो ती बऱ्याच अंशी त्यांच्या निगेटिव्हमधून. पद्मविभूषण मिळाला 2011 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी.

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. कृष्णधवल फोटोत नाव लागतं ते बटण दाबणाऱ्याचं. धुणाऱ्याचं, प्रिंट काढणाऱ्याचं लागत नाही. आणि बाईने बटण दाबलं तरी तेही नाव बदलायचं! तेव्हा फोटोखालच्या नावावर इतिहास लिहिला, तर अर्धी माणसं अंधारातच राहतात.

स्वातंत्र्यानंतर उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच्या मालाचं नाव होतं 'इंदू', म्हणजे चंद्र. डिजिटल कॅमेऱ्यापुढे तोही टिकला नाही. पण गावोगावच्या जुन्या स्टुडिओंमध्ये हायपोच्या वासात आयुष्य काढलेली माणसं अजून आहेत. तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर एकदा जाऊन विचारा: तुम्ही हे कुणाकडून शिकलात? ते नाव लिहून ठेवा. घरातल्या जुन्या निगेटिव्हही फेकू नका. प्रिंट पिवळी पडली तरी निगेटिव्हवरून पुन्हा काढता येते. नावं मात्र कुणी सांगितली तरच उरतात.

भेटू पुढच्या भागात.