वारुळावरची अळमी

१७८८ साली वाडीकर सावंत-भोसल्यांकडून पेडणे महाल पोर्तुगीज सरकारच्या अंमलाखाली गेला, दप्तराची भाषा पालटली. परंतु ज्या वारुळात गोमंतकीय मनुष्य सातेरी देवीचे रूप पाहतो, त्या वारुळाशी असलेला त्याचा ऋणानुबंध पालटला नाही, आणि म्हणूनच धारगळ-डिचोलीकडील अळम्यांचा, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांचा, इतिहास हा मला आहाराइतकाच श्रद्धेचाही इतिहास वाटतो.

वाळवी वारुळाच्या उदरात पाचोळ्याच्या चोथ्यावर जी बुरशी जोपासते, तिचीच छत्री पावसाळ्यात भूमीवर येते. माती हलकेच दूर सारली असता देठाखालचा मुळासारखा लांब भाग थेट वाळवीच्या त्या बागेपर्यंत उतरलेला दिसतो. पानांत बांधलेली ही अळमी नगावर, शेकड्याच्या हिशेबाने विकली जातात, आणि श्रावणात मासळी वर्ज्य करणाऱ्या घरांत त्यांचे तोंडाक, म्हणजे कालवण, मोठ्या आवडीने होते. या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे शास्त्रीय नाव रॉजे एम यांनी १९४२ साली दिले.

अळमी ज्यांत मोडतात त्या छत्रीवर्गीय बुरशीतील बहुशर्करांचे औषधी महत्त्व मात्र १९६९ साली जपानमध्ये चिहारा यांनी शिताके अळंबीतून लेंटिनान ही बहुशर्करा वेगळी केली तेव्हापासून विशेष प्रकाशात आले. ग्लुकोजच्या मुख्य साखळीला शाखा फुटलेल्या, आणि अशा तीन साखळ्यांचा पीळ पडलेला, अशी तिची घडण असून, रक्षक पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राहक अशा शर्करा ओळखतो, हे २००१ साली उमगले. अशा बहुशर्करांना सेलेनियमची जोड देण्याचेही प्रयोग झाले. सेलेनियम हे शरीरातील ऑक्सिडीकरणरोधक विकरांसाठी आवश्यक मूलद्रव्य. ते अळंबीच्या खाद्यात मिसळले असता काही अंश बहुशर्करेला जोडला जातो, पेशींवरील व उंदरांवरील प्रयोगांत तिची प्रतिकारशक्ती चेतवण्याची क्षमता वाढल्याचे आढळते, परंतु रासायनिक प्रक्रियेने तो बेसुमार जोडल्यास मूळचा पीळच उसवू शकतो. पंजाबातील नवांशहर-होशियारपूरकडील सेलेनियमयुक्त मातीतल्या गव्हाच्या काडावर धिंगरी अळंबी वाढवून आपल्या देशातही सेलेनियमयुक्त अळंबी पिकवण्याचा प्रयोग झाला आहे. मनुष्यावरील पुरावा अद्याप तोकडा आहे, आणि सेलेनियमची अतिमात्रा विषारी ठरते, हे विसरता कामा नये.

धिंगरी काडावर पिकते. वारुळावरचे अळमे मात्र वाळवीवाचून पिकवणे अद्याप साधलेले नाही, म्हणून वारुळे टिकणे महत्त्वाचे. ११ डिसेंबर २०२२ रोजी धारगळची आयुर्वेद संस्था आणि मोपाचा विमानतळ यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. या मुलखातील वारुळांचे सडे आता झपाट्याने बांधकामाखाली जात आहेत. तेव्हा अळमी काढणाऱ्यांनी वारूळ खणू नये, उमललेली काही छत्रे बीजासाठी तशीच राहू द्यावीत, आणि जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्याने झाडांबरोबर वारुळांचीही नोंद करावी.