पंचत्रिंशक सुवर्ण : नहपानकालीन नाण्यांच्या दरासंबंधीं

जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीच्या डोंगरांत राजा नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे, तो संशोधकांस सुपरिचितच आहे. वत्सगोत्री अयमानें वर्ष ४६ मध्यें एक मंडप व एक पोढी, म्हणजे पाण्याचें टांकें, हीं पुण्यार्थ करविलीं, इतकाच त्याचा मजकूर. घोडनदीच्या कांठीं घोडेगांवांत राहणाऱ्या आम्हांस हा लेख घरचाच वाटतो. परंतु अयमाच्या काळीं पैशाचा व्यवहार कसा चाले हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं नाशिकच्या लेण्यांतील, नहपानाचा जांवई उषवदात याच्या लेखाकडे वळावें लागतें.

हा लेख वर्ष ४२ चा. उषवदातानें भिक्षुसंघासाठीं ३००० कार्षापण कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून दिले. पैकीं २००० वर दरमहा दरशेंकडा एक आणि १००० वर पाऊण, असें व्याज ठरलें. पहिल्या ठेवीचें वर्षाचें व्याज २४० होतें, व तेंच वीस भिक्षूंस दर माणशीं १२ प्रमाणें चीवरासाठीं लावून दिलें आहे. हिशेब इतका चोख कीं, याच लेखाच्या शेवटीं येणारा आंकडा ढोबळ मानण्यास आम्ही तयार नाहीं. तेथें देव व ब्राह्मण यांस ७०,००० कार्षापण दिल्याचें सांगून, 'पंचत्रिंशक' सुवर्णाच्या मानानें त्याचें मोल २००० सुवर्ण होतें, असें स्पष्ट म्हटलें आहे. पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण, हा तो दर.

संस्कृत शिकलेल्या माणसाचा हात येथें प्रथम मनुस्मृतीकडे जातो, आणि तेथेंच घोंटाळा होतो. मनूच्या आठव्या अध्यायांतील परिमाणांत सुवर्ण ८० गुंजांचा, रुप्याचा पुराण ३२ गुंजांचा, आणि कार्षापण तर तांब्याचा. तांब्याच्या पस्तीस नाण्यांस सोन्याचें एक नाणें मिळणें अशक्य. तेव्हां उषवदाताचा कार्षापण म्हणजे नहपानाचें रुप्याचें नाणेंच असलें पाहिजे. सुवर्णही मनूचा नव्हे. कारण ८० गुंजांचें, म्हणजे सुमारें १४५ ग्रेन वजनाचें, सोन्याचें नाणें त्या काळच्या चलनांत दाखवितां येत नाहीं. शास्त्रांतील शब्द बाजारांतील निराळ्या वस्तूस लावण्याची चाल प्राचीन लेखांत वारंवार दिसते, व स्मृतींतील कोष्टकें शिलालेखांवर जशींच्या तशीं बसविणाऱ्या लेखकांनीं तिच्याकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं.

मग हा सुवर्ण कोणाचा? नहपानाचें सोन्याचें नाणें उपलब्ध नाहीं. तेव्हां तो परराज्यांतला, आणि दावेदार दोनच : कुशाण आणि रोम. वर्ष ४२ हें शककालाचें मानलें तर इ. स. १२० येतें, व त्या सुमारास विम कडफिसेस याच्या सुवर्णनाण्यांचा आरंभ झालेला असल्यानें पहिला पक्ष संभवतो. परंतु 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोचकडील राजा म्हणून आलेलें 'मानबानोस' हें नांव नहपानाचेंच होय, आणि तो ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा आहे, हें आतां बहुतेकांस मान्य आहे. तसें असल्यास त्या वेळीं कुशाणांचें सोन्याचें नाणें निघालेंच नव्हतें, आणि उरतो तो रोमचा ऑरियस. आम्ही या दुसऱ्या पक्षाचे आहों.

आतां वजनें पाहूं. नहपानाचें नाणें साधारण ३४ ग्रेनांचें धरलें तर पस्तीसांचें रुपें ११९० ग्रेन होतें. ऑगस्टसच्या काळचा ऑरियस सुमारें १२१ ग्रेनांचा. म्हणजे येथें एक भार सोन्यास दहा भारांहून थोडें कमी रुपें पडे. खुद्द रोममध्यें एका ऑरियसास रुप्याचे २५ दिनार, दर दिनार सुमारें ६० ग्रेनांचा, म्हणजे १५०० ग्रेन. तेथें प्रमाण बारांहून अधिक. कस सारखा मानल्यास २५ दिनारांच्या रुप्यांतून ४४ कार्षापण निघत, आणि तेवढ्याच किमतीचा ऑरियस आणणाऱ्यास ३५ च मिळत. आमच्याकडे रुपें रोमपेक्षां महाग होतें, असा याचा अर्थ. इ. स. ६४ मध्यें नीरोनें दोन्ही नाणीं हलकीं केलीं, तेव्हां हा फरक कमी झाला, पण नाहींसा झाला नाहीं.

रोमचीं सोन्याचीं व रुप्याचीं नाणीं भडोचेस स्थानिक नाण्यांशीं बदलतांना कांहीं नफा होतो, असें 'पेरिप्लस'कार सांगतो. रुप्याचा नफा कोठून येई तें वरील हिशेबानें उलगडतें. सोन्याचा नफा त्यांतून निघत नाहीं, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे; परंतु पस्तीस हा दानलेखांतील ठरीव दर आहे, सराफाच्या पेढीवरील त्या त्या दिवसाचा भाव नव्हे. शिवाय दक्षिणेंत रोमन दिनारांचे साठे विपुल सांपडतात, आपल्याकडे फारच थोडे. ते वितळून क्षत्रपांच्या टांकसाळींत गेले असावेत, या कित्येक विद्वानांच्या तर्कास हा दर पुष्टि देतो.

जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या तीन यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत. त्यांना लागलेच रोमचे व्यापारी ठरविणें उतावीळपणाचें होईल. नांवें पाहतां ते येथें रुळलेले लोक दिसतात. तरी पोढ्या व भोजनमंडप करविण्याइतकें द्रव्य त्यांच्यापाशीं होतें, आणि भडोचच्या भावाची त्यांना खबर नसेल असें वाटत नाहीं.

हा सर्व डोलारा ३४ ग्रेनांवर उभा आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं, त्यांपैकीं दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला आहे. पुन्हां ठोकलेल्या व झिजलेल्या अशा नाण्यांवरून मूळ वजन काढणें बरें नव्हे. ज्यांच्या संग्रहीं नहपानाचीं मूळ ठशाचीं, थोडीच झिजलेलीं नाणीं असतील त्यांनीं तीं चिंच किंवा तेजाब लावण्यापूर्वीं तोलून वजनें या त्रैमासिकाकडे कळवावीं. दर नाण्यामागें एका ग्रेनाची चूक झाली तर एका सुवर्णाच्या हिशेबांत ३५ ग्रेनांचा फरक पडतो.