वास कोणाचा, विटाळ कोणाचा?

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. नासलेल्या दुधाच्या तुकड्यावर व्याख्यान ते काय द्यायचे? परंतु इतिहास काही केवळ गडावर आणि दरबारात घडत नाही. तो माणसाच्या ताटातही घडतो.

गेल्या वर्षी आम्ही रनाळ्यास गेलो होतो. गावातील एक तरुण मालवाहू जहाजावर नोकरीस असतो. त्याने फ्रान्सच्या बंदरातून आणलेले चीज ओट्यावर उघडले, आणि बसलेली मंडळी एकदम मागे सरकली. कोणी म्हणाले, दूध नासले. कोणी विचारले, जोडे कोणी काढले? एका आजीबाईंनी तर नाकाला पदरच लावला. मिरचीच्या बाजारात हमाली करून म्हातारा झालेला एक गडी मात्र पुढे आला आणि म्हणाला, “बोंबील खानारा मानूस वासले काय भेई?” त्याने तुकडा तोंडात टाकला. मग लाजेने आम्हीही टाकला. प्रथम खारट लागले, मग किंचित कडू, आणि शेवटी लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहणाऱ्या बेरीची आठवण झाली. वास नाकात होता, पण जिभेवर तो राहिला नाही.

जोड्यांची शंका काढणारा गृहस्थ फारसा चुकला नव्हता. अशा काही चीजांच्या सालीवर जे सूक्ष्म जंतू वाढवतात, त्यांचेच भाऊबंद माणसाच्या पायाच्या घामावर जगतात. म्हणजे एकच वास एका देशात पक्वान्नाचा ठरतो व दुसऱ्या देशात किळसेचा. रोकफोर गावच्या गुहेत बुरशी चढवलेल्या चीजच्या नावाला फ्रान्सने १९२५ साली कायद्याचे संरक्षण दिले. आपण बुरशी दिसली की भाकरी टाकून देतो. आमच्या शेजारच्या सुरतेस पारशी मंडळी लहान टोपल्यांत मऊ, खारे पनीर लावतात. त्याला वास नाही म्हणून कोणी नाक मुरडत नाही. किळस ही बरीचशी शिकलेली गोष्ट आहे.

नकाराला एक सयुक्तिक कारणही आहे. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. ज्याला ते मान्य नाही त्याने खाऊ नये. त्याच्या विवेकाचा आम्ही आदर करतो. परंतु आमच्या समाजाने जे नाकारले ते बहुधा पदार्थ पाहून नव्हे, हात पाहून नाकारले.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा काढली. तिच्या सभासदाला ख्रिस्ती भटाऱ्याच्या हातचा पाव खावा लागे. पाव तो पावच. पण सभा गुप्त ठेवावी लागली, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटताच ती मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात गोवली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले व प्रायश्चित्ते घ्यावी लागली. चहाला कसला आला वास? वास होता तो जातीच्या भयाचा.

ही गोष्ट केवळ भटाभिक्षुकांची, असे म्हणून आम्हा कामगारांना सुटता येणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार अधिक. पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. कारण काय, तर धोट्याचे सूत जोडताना ते तोंडाला लागे. मालकाला त्या थुंकीची अडचण नव्हती. ती शेजारच्या कामगाराला होती. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला, तेव्हा तो मागण्यांत घालून घेण्यासही संपाचे पुढारी सहजी तयार झाले नाहीत. एकजुटीच्या घोषणा एका तोंडाने आणि विटाळ दुसऱ्या तोंडाने, असा तो प्रकार होता.

आणि आमचे काय? अनेक वर्षांपूर्वी युनियनच्या एका शिबिरात एका गड्याने सुक्या बोंबलाचा डबा उघडला. आम्ही त्याला म्हणालो, “दादा, जरा दाराशी बसा.” तो काही न बोलता उठला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची सोय केली. सरकार बाक देऊ शकते, पण बाकावर शेजारी सरकून जागा आम्हीच द्यावयाची असते. ती आम्ही दिली नाही.

रनाळ्याच्या ओट्यावर तो म्हातारा हमाल पुढे झाला तेव्हा आम्हाला तो दाराशी बसलेला गडी आठवला. परका वास ज्याने आयुष्यभर स्वतःच्या डब्यासाठी ऐकून घेतला, तोच परक्या डब्याला भ्याला नाही.

चीज आवडलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. न आवडल्यास ते बाजूला ठेवावे. मात्र ते खाणाऱ्याला बाजूला ठेवू नये.